मामांचा फुल झालेला फोन, '२ टीबी'चा पेनड्राईव्ह आणि ४८०० कॉल

दिवाळीला मामांकडे गेलो होतो. गाव कराडच्या पुढं तासाभरावर, घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान, आणि मामा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मी पोचलो तर हातात चहा यायच्या आधी फोन आला. "आरं हे बघ बरं जरा, पार डबा झालाय ह्याचा."

तक्रारी तीन होत्या. पहाटेच्या काकड्याचं रेकॉर्डिंग दहा-बारा मिनिटांनी आपोआप बंद पडतंय, व्हॉट्सअपवर कुणी फोटो टाकला की तो गोल गोल फिरत बसतो आणि उतरतच नाही, आणि तिसरी म्हणजे डीलरला पैसे पाठवताना बँकेचा ओटीपी येत नाही. या तिसऱ्या तक्रारीपायी मामांनी दोनदा सिम बदलून आणलं होतं आणि बँकेत जाऊन भांडूनही आले होते. सिमचा काही संबंध नव्हता. अँड्रॉइडमध्ये जागा अगदी तळाला गेली की फोन नवीन एसएमएस आत घेणंच थांबवतो, वर बारीक अक्षरात कुठंतरी 'मेसेज मेमरी फुल' असं येऊन जातं पण ते वाचतंय कोण, मामांच्या फोनवर तेव्हा वरती ४३ नोटिफिकेशन लटकत होती.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण घरोघरी हीच गत आहे आणि सगळे एकच सल्ला देतात, "ओटीजी पेनड्राईव्ह (थेट फोनला लावता येणारा) घे आणि सगळं त्यात टाक." मीही हाच सल्ला डोक्यात घेऊन गेलो होतो. झालं थोडं वेगळं.

फोनच्या पोटात काय होतं

फोन ६४ जीबीचा, अँड्रॉइड ११, चार वर्षं जुना. रिकामी जागा ४१२ एमबी. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून एका वहीच्या पानावर (दुकानाची उधारीची वही, मागचं पान) मी हिशोब मांडला: सिस्टीम १५ जीबी, अॅप १०.५, व्हिडिओ १९, फोटो ७.४, ऑडिओ ९.२, कचरापेटी २.१, आणि पीडीएफ वगैरे किरकोळ ०.४. सिस्टीमला हात लावता येत नाही, अॅपं पेनड्राईव्हवर जात नाहीत, म्हणजे खेळायला मिळतात साधारण ३८ जीबी.

व्हिडिओचं समजू शकतो. त्यात ७.८ जीबीची एकच फाईल होती, ताईच्या लग्नाचा पूर्ण व्हिडिओ, व्हिडिओवाल्याने पेनड्राईव्हमध्ये दिलेला तो कुणीतरी हौसेने फोनमध्ये उतरवून ठेवलेला. व्हॉट्सअपचे व्हिडिओ ८.१ जीबी, आणि मामांनी स्वतः काढलेले फक्त ३.१. पण ऑडिओ ९.२ जीबी? भजनं धरली तरी एवढी कशी? एक तासाचं रेकॉर्डिंग फार तर ६० एमबी होतं, मामांची सगळी भजनं मिळून २.९ जीबी भरली. मग उरलेलं काय?

उरलेलं म्हणजे जवळजवळ सगळे कॉल. कधीतरी कुणीतरी 'सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड करा' हे बटण चालू करून ठेवलं होतं, आणि दुकानदार माणूस, दिवसाला सात-आठ फोन, दोन वर्षांत ४८०० च्या आसपास फाईली साठल्या होत्या, ५.७ जीबी. मिनिटाला एक एमबी धरा, म्हणजे ९५ तासांचं बोलणं. "साखर कितीला" आणि "गाडी निघाली का" यांचे ९५ तास. मामा ऐकून आधी हसले आणि मग एकदम गप्प झाले, का ते पुढं येतंय.

सांगायचं एवढंच की पेनड्राईव्ह विकत आणायच्या आधी हे पान लिहा. आपल्याला वाटतं फोटोंनी फोन भरला, आणि निघतं भलतंच.

आधीचा पेनड्राईव्ह

"पेनड्राईव्ह हाय की आपल्याकडं," मामी म्हणाल्या आणि फडताळातून एक चकचकीत स्टीलचा पेनड्राईव्ह काढून दिला. त्यावर छापलेलं, २ टीबी. दादाने म्हणजे मामांच्या मुलाने उन्हाळ्यात ऑनलाईन मागवलेला, ४९९ रुपयांत. माझ्या पोटात तिथंच गोळा आला. ज्या पैशात चांगला ६४ जीबीचा येतो त्या पैशात २००० जीबी कुणी देत नाही, दुकानदाराच्या घरात तरी हे कळायला पाहिजे होतं असं मी मामांना म्हणालो, त्यावर मामा म्हणाले "आरं मी डाळीतला खडा वळखतो, ह्यातला कसा वळखू."

पण खरी वाईट बातमी पुढं होती. दादाने उन्हाळ्यात फोनची जागा मोकळी करायची म्हणून सप्ताहाची रेकॉर्डिंग या पेनड्राईव्हवर टाकली होती. कॉपी नाही, मूव्ह. म्हणजे तिकडं गेली आणि इकडून गेली. सात रात्रींच्या सात फाईली, प्रत्येकी साधारण २०० एमबी. फोनला लावून बघितलं तर सातही फाईली दिसत होत्या, नाव बरोबर, साईज बरोबर, तारीख बरोबर. पहिल्या दोन वाजल्या. तिसरी लावली तर 'फाईल चालू शकत नाही'. चौथी तीच, पाचवी तीच.

हे नकली पेनड्राईव्ह कसे चालतात ते सांगतो कारण एकदा कळलं की आयुष्यात कुणी फसणार नाही. आतली चिप असते छोटी, ८ जीबीची वगैरे, पण कंट्रोलरला, म्हणजे ती चिप सांभाळणाऱ्या भागाला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं, तो फोनला सांगतो माझ्याकडं २ टीबी आहे. फोन विश्वास ठेवतो आणि लिहीत जातो. खरी जागा आहे तोवर सगळं नीट लिहिलं जातं, ती संपली की पुढचं नुसतं हवेत जातं नाहीतर आधीच्याच्या उरावर लिहिलं जातं, पण फाईलींच्या नावांची यादी ड्राईव्हच्या सुरुवातीला, खऱ्या जागेत असते म्हणून नावं सगळी दिसत राहतात. एखाद्या कंडक्टरने बसमध्ये ५० सीट असताना ५०० तिकीटं फाडावीत तसं, तिकीट प्रत्येकाकडं आहे, बसायला जागा नाही. दादाने आधी त्यात ७ जीबीचे पिच्चर आणि गाणी भरली होती, मग सप्ताह टाकला, दोन रात्री मावल्या आणि पाच रात्री हवेत.

लॅपटॉप होताच सोबत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं छोटं प्रोग्राम आहे विंडोजसाठी, ते ड्राईव्हवर एकेक जीबीच्या फाईली लिहितं आणि मग परत वाचून तपासतं की लिहिलं तेच वाचता येतंय का. पूर्ण २ टीबी तपासायला बसलो असतो तर तुळशीचं लग्न तिथंच झालं असतं, पण त्यात 'फक्त एवढेच एमबी तपासा' अशी सोय आहे, मी ३२ जीबीचं दिलं. हो, ही तपासणी रिकाम्या ड्राईव्हवर करायची, म्हणून आधी त्या दोन चांगल्या रात्री लॅपटॉपवर घेतल्या. तासाभराने निकाल आला, साधारण साडेसात जीबी ठीक, पुढचं सगळं नासकं.

पाच रात्री गेल्या. रिकव्हरीवाल्याकडं नेऊ का असं दादा विचारत होता, मी नाही म्हणालो, कारण जे लिहिलंच गेलं नाही ते कोण काढून देणार. फोनमध्ये मूळ जागी काही सापडतंय का तेही बघितलं, पण मधल्या सहा महिन्यांत फोन काठोकाठ भरून त्या जागेवर दहादा काहीबाही लिहून झालं होतं. नंतर टाळकऱ्यांपैकी एकाच्या फोनमध्ये तिसऱ्या रात्रीचा एक तुकडा मिळाला, व्हॉट्सअपवर पाठवलेला, ३८ मिनिटांचा. बाकी नाही. विकणाऱ्याने तोवर दुकान बंद करून नाव बदललेलं.

नवा आणला, आणि तोही आधी तपासला

दुसऱ्या दिवशी कराडला जाऊन ओळखीच्या दुकानातून १२८ जीबीचा ड्युअल पेनड्राईव्ह घेतला, एका टोकाला टाईप सी आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचं चपटं यूएसबी. हा प्रकार बरा पडतो, मधे ती ओटीजीची वायर लागत नाही जी कायम हरवलेली असते. लॅपटॉपला लावला तर ११९ जीबी दाखवतो, मामा लगेच "नऊ जीबी खाल्लं बघ दुकानदारानं". ती चोरी नाही. कंपनी १००० ने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने मोजतो, त्यामुळं ६४ चे साधारण ६० आणि १२८ चे ११९ दिसतात. किलोच्या पिशवीत ९३० ग्रॅम भरतात, पण वजनमाप खात्याला चालतं असं समजा. मामांना हे अजिबात पटलं नाही.

रात्री तो नवा ड्राईव्ह पूर्णच्या पूर्ण तपासायला लावून झोपलो. सकाळी एकही चूक नाही. दुधानं एकदा पोळलं की ताकाला एवढं फुंकावंच.

मग एक चूक माझीही झाली. ड्राईव्ह फोनला लावला, फोनने विचारलं फॉरमॅट करू का, मी विचार न करता हो म्हणालो. या फोनने तो एफएटी३२ मध्ये (ड्राईव्हवर फाईली मांडायची एक जुनी पद्धत) फॉरमॅट केला. त्यावर भजनं गेली, फोटो गेले, आणि लग्नाचा व्हिडिओ काही जाईना, अर्ध्याच्या पुढं गेला की फेल. एफएटी३२ मध्ये एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, मग ड्राईव्ह १२८ चा असो की कितीचाही. उपाय म्हणजे लॅपटॉपवर एक्सफॅट मध्ये फॉरमॅट करणे. एनटीएफएस करू नका, विंडोजला चालतं पण बरेच फोन ते वाचत नाहीत. एक्सफॅटही फार जुने फोन वाचत नाहीत, मामांच्या फोनने वाचलं म्हणून निभावलं, तुम्ही आधी एक छोटी फाईल टाकून बघा.

आणि काही ब्रँडच्या फोनमध्ये ओटीजीचं बटण सेटिंगमध्ये वेगळं असतं, ते आधी चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं काही हालचाल नसली की ते स्वतःच बंद होतं. पेनड्राईव्ह लावला आणि काहीच दिसलं नाही तर ड्राईव्ह खराब म्हणून परत करायच्या आधी हे बटण शोधा. मामांच्या फोनला ते होतं, माझा अर्धा तास गेला.

काम कसं केलं

आधी फोन चार्ज करून घेतला कारण भोक एकच, त्यात पेनड्राईव्ह असताना चार्जर लागत नाही आणि ड्राईव्ह वीज फोनचीच खातो. ८० टक्क्यांवर सुरू केलं, काम संपेपर्यंत ५१ झाले, ड्राईव्ह चांगलाच तापला होता, तो तापतो, घाबरायचं नाही.

नियम एकच ठेवला, मूव्ह हा शब्द वापरायचा नाही. कॉपी करायचं, तपासायचं, मग फोनमधून डिलीट करायचं. मूव्ह करताना मधे वायर हलली, फोन आला, स्क्रीन बंद झाली तर अर्धं इकडं अर्धं तिकडं होतं आणि काय कुठं आहे ते सापडत नाही. दादाने मूव्ह न करता कॉपी करून तपासलं असतं तर तो नकली ड्राईव्ह लागलीच उघडा पडला असता आणि सातही रात्री फोनमध्ये शाबूत राहिल्या असत्या, हे मी दादासमोर बोललो नाही, त्याला आधीच पुरेसं लागलं होतं.

तपासायचं म्हणजे काय, तर कॉपी झाल्यावर ड्राईव्ह नोटिफिकेशनमधून 'इजेक्ट' करून काढायचा, परत लावायचा, आणि मग फोल्डरची साईज आणि फाईलींची संख्या दोन्हीकडं सारखी आहे का बघायची, आणि मधल्या, शेवटच्या अशा पाच-सहा फाईली पेनड्राईव्हवरूनच वाजवून बघायच्या. काढून परत लावायचं यासाठी की कधी कधी फोन नुकतंच लिहिलेलं स्वतःच्या मेमरीतून दाखवतो आणि आपल्याला वाटतं ड्राईव्हवर गेलं. सुरुवातीच्या फाईली वाजवून समाधान मानू नका, नकली ड्राईव्हमध्येही सुरुवातीच्या वाजतातच, ते आम्ही बघितलंय.

लग्नाचा ७.८ जीबीचा व्हिडिओ सात-आठ मिनिटांत गेला. फोटोंना मात्र पाऊण तास लागला, फक्त ७ जीबी असून. मोठी एक फाईल पटकन जाते आणि बारीक हजारो फाईली रडवतात, प्रत्येक फाईलीमागं यादीत नोंद करायला ड्राईव्हला थांबावं लागतं म्हणून. लगीनघरी सामान हलवताना एक कपाट दोघं उचलून नेतात आणि चमचे-वाट्यांना दुपार जाते, तसंच.

व्हॉट्सअपचं प्रकरण वेगळंच. अँड्रॉइड ११ पासून त्याचं फोल्डर आत खोल गेलंय, अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सअपच्या नावाची एकात एक दोन फोल्डरं, त्यात परत मीडिया. तिथं व्हिडिओच्या फोल्डरात 'सेंट' नावाचं एक पोटफोल्डर असतं. तुम्ही स्वतः काढलेला व्हिडिओ कुणाला पाठवला की त्याची एक बारीक केलेली प्रत इथं पडते, म्हणजे मूळ कॅमेऱ्यात आणि नक्कल इथं. गॅलरीत हे फोल्डर दिसत नाही त्यामुळं कुणाला पत्ता नसतो. मामांच्या फोनमध्ये यात २.६ जीबी. सरळ उडवलं. (त्या आतल्या मीडियाच्या शेजारचं 'डेटाबेसेस' नावाचं फोल्डर मात्र चुकूनही नको, त्यात चॅटचा बॅकअप असतो.)

बाकीचं व्हॉट्सअपच्याच सेटिंगमधून, स्टोरेजमध्ये जाऊन 'मॅनेज स्टोरेज', तिथं '५ एमबीपेक्षा मोठ्या' आणि 'अनेकदा फॉरवर्ड झालेल्या' अशा दोन टोपल्या असतात. दुसऱ्या टोपलीत मामांचं सगळं होतं, शुभ सकाळ, शुभ रात्री, लिंबाने गुडघेदुखी जाते, आणि एकच हत्तीचा व्हिडिओ अकरा वेळा अकरा ग्रुपमधून आलेला. ते सगळं टिक करून डिलीट करताना मामा शेजारी बसून प्रत्येकाला "थांब थांब" म्हणत होते, शेवटी मामींनी त्यांना दुकानात पिटाळलं. "गिऱ्हाईक आलंय, जावा." आलं नव्हतं.

घरच्या ग्रुपमधले नातवंडांचे व्हिडिओ, १.१ जीबी, ते पेनड्राईव्हवर घेतले. हे लक्षात ठेवा की फोनमधून काढल्यावर चॅटमध्ये ते धूसर दिसतात आणि दाबलं की 'फाईल नाही' म्हणतं. पेनड्राईव्ह लावला तरी चॅटमध्ये परत उघडत नाही, फाईल मॅनेजरमधून ड्राईव्हवर जाऊनच बघावं लागतं. मामींना हे आधी सांगितलं नसतं तर दुसऱ्याच दिवशी फोन आला असता. आणखी एक, कॉपी केल्यावर फोटोंची तारीख कधी कधी आजची होऊन बसते. कॅमेऱ्याच्या फोटोत खरी तारीख आत दडलेली असते त्यामुळं तो परत जागेवर येतो, पण व्हॉट्सअपच्या फोटोतून ती माहिती काढून टाकलेली असते, तिथं फाईलच्या नावातले आठ आकडे हीच तो आल्याची तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणून व्हॉट्सअपच्या फाईलींची नावं बदलत बसू नका.

गूगल फोटोजबद्दल एकच वाक्य, बॅकअप चालू असताना त्या अॅपमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधून जातो आणि गूगलकडूनही जातो, फक्त फोनमधून काढायचा असेल तर त्यात 'फ्री अप स्पेस' असा वेगळा पर्याय आहे तोच वापरा. मामांचे तिथले फुकटचे १५ जीबी केव्हाच भरून बॅकअप थांबला होता, १ जून २०२१ पासून फोटोही त्या १५ मध्येच मोजतात, त्यामुळं तिकडून मदत नव्हती.

आप्पांचे ३७ कॉल

आता त्या ४८०० कॉलकडं येतो. माझ्या मते तो सगळा कचरा, सगळं सिलेक्ट करून एका बोटात ५.७ जीबी मोकळे. मी बोट ठेवणार तेवढ्यात मामा म्हणाले, "त्यात आप्पा असतील का रं?"

आप्पा म्हणजे मंडळाचे विणेकरी, मामांना पखवाज त्यांनीच शिकवला, मागच्या पावसाळ्यात गेले. सप्ताहाच्या ज्या पाच रात्री हवेत गेल्या त्यात बरंचसं गाणं आप्पांचंच होतं.

कॉल रेकॉर्डिंगच्या फाईलीला बहुतेक फोन समोरच्याचं नाव लावतो, ज्या नावाने नंबर सेव्ह असेल ते. फाईल मॅनेजरच्या सर्चमध्ये 'आप्पा' टाकलं. ३७ फाईली आल्या. बहुतेक पंधरा-वीस सेकंदांच्या, "निघालास का", "गाडी कुणाची हाय", "येताना कापूर आण". एक मात्र सहा मिनिटांची. मामांनी ती लावली. आप्पा फोनवर एका अभंगाची चाल सांगत होते, आधी बोलून आणि मग नुसतं गुणगुणून, आणि मधे थांबून म्हणाले, "हितं घाई करतोस तू. हितं हात उचलून ठेवायचा, वाजवायचं न्हाय." मागं कुठंतरी कुकरची शिट्टी. मामा फोन कानाला लावून बसले, स्पीकर चालू असून.

ते ३७ पेनड्राईव्हवर गेले, लॅपटॉपवर गेले, आणि फोनमध्येही ठेवले. जेमतेम २० एमबी. बाकीचे ४७०० उडवले. मी सर्च न करता बोट दाबलं असतं तर काय झालं असतं हा विचार मी पुण्याला येईपर्यंत करत होतो, आणि नकली पेनड्राईव्ह विकणाऱ्याला मी जेवढ्या शिव्या घातल्या होत्या त्यातल्या निम्म्या मला पडायला पाहिजे होत्या.

हिशोब

सगळं डिलीट केलं आणि मामांनी स्टोरेज उघडून बघितलं तर जागा वाटली होती त्यापेक्षा फारच कमी वाढलेली. "झालीच न्हाय की रं जागा." कारण डिलीट केलेलं गॅलरीच्या आणि फाईल मॅनेजरच्या कचरापेटीत जाऊन बसतं, बहुतेक फोनमध्ये तीस दिवस, आणि जागा अडवूनच बसतं. सुरुवातीला दिसलेले २.१ जीबी तेच होते. मी त्या कचरापेट्या मुद्दाम दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच ठेवल्या, काही चुकलं असेल तर परत काढता यावं म्हणून, पेनड्राईव्ह लॅपटॉपला लावून पुन्हा एकदा सगळं उघडून बघितलं, आणि मग रिकाम्या केल्या. त्यानंतर आकडा हलला. ४१२ एमबी चे २८.६ जीबी.

वहीच्या त्याच पानावर खाली वजाबाकी केली. एकूण २८.२ जीबी निघाले. त्यातले पेनड्राईव्हवर ठेवून मग फोनमधून काढले ते १२.३ (लग्न ७.८, जुनी भजनं १.९, फोटो १.५, घरचे व्हॉट्सअप व्हिडिओ १.१). उरलेले १५.९ जीबी नुसतेच फेकले, त्यांना पेनड्राईव्ह लागलाच नाही. म्हणजे अर्ध्याहून जास्त जागा फुकट मिळाली असती, आणि जे ठेवायचं होतं ते सगळं मिळून १८-१९ जीबी, ३२ चा ड्राईव्ह भरपूर झाला असता. मामांनी हा हिशोब वाचला आणि विचारलं, "मग १२८ चा कशाला घ्यायला लावलास?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पेनड्राईव्हने जागा अशी फारशी झाली नाही, झालं काय तर डिलीटवर बोट ठेवताना मामांचा हात थरथरायचा थांबला, "त्यात हाय की" असं म्हणता आलं. ते हजारभर रुपये त्याचेच म्हणायचे.

भजनं आणि आप्पांचे कॉल माझ्या लॅपटॉपवर आहेत आणि दादाच्या फोनमध्येही टाकलेत, कारण पेनड्राईव्ह म्हणजे काही तिजोरी नाही, कुत्र्याने चावला तरी संपला, आणि वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला तर आतला डेटा हळूहळू विरतो म्हणतात ते खरं आहे, चिपमध्ये वीज साठवूनच ती अक्षरं लिहिलेली असतात आणि ती गळत जाते. दर दिवाळीला लावून बघायचं ठरलंय. ठेवायचा कुठं यावर घरात चर्चा झाली, मामी म्हणाल्या तांदळाच्या डब्यात, दमट लागणार नाही. मी नको म्हणालो. आता तो पखवाजाच्या गवसणीच्या आतल्या खिशात असतो, शाईच्या पुडीशेजारी.

ओटीपी त्याच दिवशी संध्याकाळपासून यायला लागले, साठलेले जुने बँकेचे मेसेजही एकदम धडाधड आले. पहाटे काकडा अख्खा रेकॉर्ड झाला, एक तास दहा मिनिटं.

निघताना मी कॉल रेकॉर्डिंगचं ते बटण बंद करत होतो. मामांनी दुकानातूनच हाक मारली.

"सगळं बंद नको करू. त्यो साखरवाला डीलर फोनवर एक भाव सांगतो आणि बिलात दुसरा लावतो. त्याचं तेवढं चालू ठेव."

त्या फोनमध्ये 'फक्त निवडलेले नंबर' अशी सोय होती. त्याचं चालू ठेवलं.